पाकीट प्रयोगशाळेत पोचेपर्यंत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



गुन्ह्याच्या तपासातल्या डीएनए चाचणीबद्दल आज बोलायचं आहे. पण सुरुवात करतो ती आपल्याच जिल्ह्यातल्या एका तान्ह्या मुलीपासून. मे २०१८ मध्ये बीडच्या जिल्हा रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. कागदावर नोंद झाली मुलगा झाल्याची. बाळाचं वजन कमी होतं म्हणून त्याला पुढच्या उपचारासाठी खासगी रुग्णालयात हलवण्यात आलं. काही दिवसांनी बाळ आई-बापाच्या हाती द्यायची वेळ आली, तेव्हा दुपट्यात निघाली मुलगी! आमचं बाळ बदललं असं म्हणून दोघांनीही तिला घ्यायला नकार दिला. प्रकरण पोलिसांत गेलं, वर्तमानपत्रांत आलं, आणि शेवटी डीएनए चाचणी झाली. अहवाल आला तो असा, की मुलगी याच दांपत्याची आहे. बाळ बदललंच नव्हतं, चुकली होती ती कागदावरची नोंद.

आई-बापालाही दोष देता येत नाही. हातात सरकारी कागद होता आणि त्यावर मुलगा लिहिलेलं होतं. पण ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली मोजल्या गेल्या, त्या जिल्ह्यात उलटं घडलं असतं तर? कागदावर मुलगी आणि हातात मुलगा, असं झालं असतं तर किती जणांनी पोलीस ठाणं गाठलं असतं, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

आता या अहवालात नेमकं पाहिलं काय? आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. ती एक पोथी समजा. सुमारे तीन अब्ज अक्षरांची, आणि सगळी पोथी फक्त चारच अक्षरांत लिहिलेली. तुमची आणि माझी पोथी नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त सारखी आहे. फरक आहे तो थोड्या जागी. काही जागा अशा आहेत की तिथं चार-पाच अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, जसा पोथी उतरवणाऱ्याला डुलकी लागली आणि त्यानं तोच शब्द गिरवत ठेवला. कुणात तो नऊ वेळा येतो, कुणात चौदा वेळा. प्रत्येक जागेचे दोन आकडे मिळतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. अशा वीसेक जागांचे आकडे काढले की जी यादी तयार होते, तिला डीएनए प्रोफाइल म्हणतात. मुलाच्या प्रत्येक जोडीतला एक आकडा आईत सापडला पाहिजे आणि दुसरा बापात. बीडच्या त्या मुलीचा प्रश्न सुटला तो या हिशेबानं.

एका जागेचे आकडे जुळणं यात नवल नाही, गावात शंभर जणांचे जुळतील. पण वीस जागांचे वीस जोड एकाच वेळी दोन परक्या माणसांत जुळणं, ही शक्यता गुणाकारानं इतकी लहान होत जाते की व्यवहारात ती नाहीच असं धरायला हरकत नसते. अपवाद एकसारख्या जुळ्या भावंडांचा. त्यांची यादी एकच निघते. आणि एक गंमत सांगतो. रक्ताच्या डागातून डीएनए काढतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रक्त लाल दिसतं ते ज्या तांबड्या पेशींमुळे, त्यांच्यात केंद्रकच नसतं. कामाला येतात त्या पांढऱ्या पेशी. म्हणजे डाग ओळखायचा तांबड्यानं आणि माणूस ओळखायचा पांढऱ्यानं.

ही विद्या जन्माला आली इंग्लंडातल्या लेस्टर विद्यापीठात, सप्टेंबर १९८४ मध्ये, अॅलेक जेफ्रीज या संशोधकाच्या हातून. त्या भागातल्या दोन खेड्यांत १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून झाले होते. पोलिसांनी सतरा वर्षांचा एक मुलगा पकडला. दुसरा खून आपणच केल्याचं त्यानं कबूलही केलं. पहिलाही त्याच्याच गळ्यात घालता यावा म्हणून पोलीस जेफ्रीज यांच्याकडे गेले. जेफ्रीज यांचं उत्तर पोलिसांना नको असलेलं होतं: दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत, पण तो हा मुलगा नव्हे. या विद्येनं गुन्ह्याच्या तपासात केलेलं पहिलं मोठं काम हे, कबुली देऊन बसलेल्या निरपराध मुलाला सोडवण्याचं. पुढे पंचक्रोशीतल्या सुमारे पाच हजार पुरुषांचं रक्त तपासलं. खरा गुन्हेगार, एका बेकरीतला कामगार, त्यातूनही निसटला, कारण त्यानं आपल्या जागी सोबतीला रक्त द्यायला पाठवलं होतं. त्या सोबत्यानं दारूच्या गुत्त्यात बढाई मारली, ती कुणीतरी ऐकली, आणि सप्टेंबर १९८७ मध्ये गुन्हेगार सापडला. जानेवारी १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. रक्त देणारा माणूस नक्की कोण आहे हे न पाहिल्यानं काय होतं, याचा धडा त्या पहिल्याच प्रकरणानं दिला. आज आपल्याकडे रक्ताचा नमुना घेताना अर्जावर त्या माणसाचा फोटो चिकटवून त्यावर सही-शिक्का करतात, ती उगाच कटकट नव्हे.

आपल्या देशात हे तंत्र आणलं ते हैदराबादच्या पेशीय आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रातल्या डॉ. लालजी सिंग यांनी. अंबाजोगाई जेव्हा मोमिनाबाद होती तेव्हा आपली राजधानी हैदराबादच होती, म्हणून थोडं घरचं कौतुक करायला हरकत नाही. लालजी सिंग मूळचे सापांचे अभ्यासक. पट्टेरी मण्यार जातीच्या सापाच्या डीएनएवर काम करताना जो तुकडा त्यांच्या हाती लागला, त्यातून त्यांनी १९८८ च्या सुमारास माणसं ओळखण्याची स्वदेशी पद्धत बसवली. राजीव गांधी यांच्या हत्येच्या तपासात, १९९१ मध्ये, मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी तिचा उपयोग झाला. महाराष्ट्रात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा करते. आरंभी डीएनएचे नमुने मुंबईला कलिन्याच्या प्रयोगशाळेत जात, पुढे काही विभागीय प्रयोगशाळांतही सोय होत गेली. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यात दहशतवादी ज्या ‘कुबेर’ नौकेतून आले, तिच्यावर सापडलेल्या कपड्यांवरच्या घामाच्या अंशातून डीएनए मिळवून तो हल्लेखोरांशी जुळवला गेला. घामाच्या डागातून! माझ्या विद्यार्थिदशेत कुणी असं सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

इथवर सगळं छान आहे, आणि चित्रपटांत व मालिकांत इथवरच दाखवतात. पांढरा अंगरखा घातलेला माणूस संगणकाकडे बघतो, मान हलवतो, आणि गुन्हेगाराच्या हातात बेड्या पडतात. मला बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या रस्त्याबद्दल. माझं आयुष्य अंबाजोगाईत न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात गेलं. मुलांना पहिल्या तासाला मी एकच सांगत असे, की प्रयोगशाळा तुम्ही पाठवलेल्या पाकिटाची तपासणी करते, गुन्ह्याची नव्हे. पाकिटात घोळ असेल तर प्रयोगशाळेला तो कळणारसुद्धा नाही.

समजा, केज तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर शनिवारी संध्याकाळी गुन्हा घडला. पंचनामा होतो, कपडे जप्त होतात, जखमी किंवा पीडित व्यक्तीला रुग्णालयात आणतात. डॉक्टर नमुने घेतात, लाखेचं सील करून शिपायाच्या हाती देतात. शिपाई ते ठाण्यात आणतो, मुद्देमाल कारकून वहीत नोंद करतो आणि ते कपाटात जातं. मग साहेबांची सही, मग प्रयोगशाळेच्या नावाचं पत्र, मग बंदोबस्तातून मोकळा झालेला शिपाई. जत्रा असेल, निवडणूक असेल, कुणा मंत्र्याचा दौरा असेल, तर तो मोकळा होतच नाही. झाला, की तो पाकीट पिशवीत घालून एसटीत बसतो. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, इथून दोनशे किलोमीटरच्या पुढे. तिथं खिडकीवरचा माणूस विचारतो, सीलचा नमुना कुठाय? पत्रातला अनुक्रमांक आणि पाकिटावरचा अनुक्रमांक वेगळा का? मग पाकीट परत. हे कुणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. तो शिपाईही माणूस आहे आणि खिडकीवरचा माणूस जे विचारतो ते बरोबरच विचारतो. पण या वेळात त्या पाकिटाच्या आत काय चाललेलं असतं ते पाहा.

डीएनए तसा चिवट असतो. हाडात, दातात तो वर्षानुवर्षं राहतो. त्याचे वैरी दोन, ओल आणि उष्णता, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात दुसऱ्याला तोटा नाही. ओला रक्ताळलेला सदरा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारली, की दोन दिवसांत त्यावर बुरशी चढते आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. तोच सदरा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवला तर अनेक वर्षांनीही उत्तर देतो. आपल्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर लिहिलेला तो ग्रंथ चारशे वर्षं टिकला, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी तो कोरडा ठेवला, सांभाळला. सदऱ्यावरचा मजकूरही त्याच नियमानं टिकतो. रक्त घ्यायचं ते ईडीटीए घातलेल्या नळीत, आणि ती थंड ठेवायची. उतीचा तुकडा डीएनएसाठी पाठवायचा तर तो फॉर्मॅलिनमध्ये कधीच टाकायचा नाही, कारण फॉर्मॅलिन पेशीचा आकार टिकवतं पण डीएनएची वाट लावतं. अल्पवयीन मुलीचा गर्भपात करावा लागतो अशा प्रकरणात गर्भाची उती हाच बापाविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो. सवयीनं कुणी ती फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकली, की खटल्याचा पाय तिथंच मोडला.

नमुना खराब होणं हा एक धोका झाला. दुसरा त्याहून अवघड, तो म्हणजे नमुन्यात परका डीएनए मिसळणं. जर्मनीत दोन हजारच्या दशकात पोलीस एका बाईच्या मागावर होते. खून, चोऱ्या, घरफोड्या, अशा चाळीसएक ठिकाणी तिचा डीएनए सापडत होता. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका तरुण पोलीस महिलेचा खून झाला, तिथंही तोच डीएनए. बक्षीस लावलं, वर्षं गेली. शेवटी २००९ मध्ये उलगडा झाला: ती बाई नमुने टिपण्याचे कापसाचे बोळे जिथं तयार होत त्या कारखान्यातली कामगार होती. बोळे निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे डीएनए-मुक्त नव्हे. जंतू मेले तरी डीएनए राहतो. जर्मनीसारख्या देशात हे घडू शकतं तर आपण हातमोजे न बदलता दोन पाकिटं भरली तर काय होईल?

आता आपल्याकडच्या एका खटल्याबद्दल सांगतो. जून २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यात सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपी पकडला गेला. डीएनए अहवाल त्याच्या विरोधात होता. सत्र न्यायालयानं फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. का? नमुने प्रयोगशाळेत पाठवायला उशीर का झाला याचं उत्तर तपासाच्या कागदांत नव्हतं. मधल्या काळात ते कुणाच्या ताब्यात, कसे होते, याची अखंड साखळी नव्हती. अशा स्थितीत नमुन्यांत भेसळ झाली नसेल असं म्हणता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. दिल्लीच्या एका गाजलेल्या खटल्यातही तसंच झालं. फेब्रुवारी २०१२ मध्ये १४ आणि १६ तारखेला घेतलेले नमुने २७ तारखेपर्यंत पोलिसांच्या मालखान्यात पडून होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिन्ही आरोपींना सोडलं.

निकाल आला की लोक चिडतात. न्यायालयावर चिडतात. मला ते कळतं, त्या मुलीच्या आईला आपण काय सांगणार? पण राग कुठं काढायचा याचा थोडा विचार करा. माणूस खरा गुन्हेगार असेल तर तो सुटला कपाटात पडून राहिलेल्या पाकिटामुळे. आणि नसेल, तर तेरा वर्षं फाशीच्या छायेत कुणीतरी निरपराध राहिला आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरला. दोन्हीतलं खरं कोणतं हे आता कधीच कळणार नाही. ते कळण्याची वेळ जून २०१० मध्ये होती.

दुसरं प्रकरण आपल्याकडच्या लोकांना जास्त जवळचं वाटेल. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतावर दरोडा पडला. घरातल्या पाच जणांचे खून झाले, त्यांत अत्याचारही झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. पुढे प्रकरण फेरविचारासाठी पुन्हा उघडलं आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष ठरवलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. शिक्षा उभी होती ती ओळखीच्या साक्षीवर. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या फोटोंतून आधी वेगळीच माणसं दाखवली होती, त्यांचा माग कुणी काढलाच नव्हता. सोळा वर्षं गेली त्या माणसांची.

बीड जिल्ह्यात पारध्यांची वस्ती असलेली गावं थोडी नाहीत. चोरी कुठंही झाली तरी पोलिसांची गाडी आधी कुठं वळते हे मी सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याची सवय गेली नाही. या लोकांना डीएनए तपासणी म्हणजे आणखी एक संकट वाटतं. २०२२ च्या ओळख कायद्यानं अटक झालेल्यांचे जैविक नमुने घेण्याचा, त्यांच्या नोंदी ७५ वर्षं ठेवण्याचा अधिकार दिला आहे. डीएनएच्या वापरावर बंधनं घालणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, ते जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. म्हणजे घेण्याचा अधिकार आहे, पण घेतलेल्याचं काय करायचं, याचा स्वतंत्र डीएनए कायदा नाही. मला हे बरोबर वाटत नाही. ज्यांना वारंवार उचललं जातं त्यांच्याच नोंदी साठत जातील, आणि उद्या शोध घेताना पुन्हा तीच घरं पुढे येतील. पण याच माणसाच्या हातात हे हत्यारही आहे. संशय आला तर माझा नमुना घ्या आणि घटनास्थळाच्या नमुन्याशी ताडून पाहा, असं त्याच्या वकिलानं न्यायालयात लेखी मागावं. लेस्टरच्या त्या पोराला यानंच वाचवलं होतं.

इथं एक खबरदारीही सांगितली पाहिजे. डीएनए जुळला याचा अर्थ तो अंश त्या माणसाचा आहे, इतकाच. तो तिथं केव्हा आला, कसा आला, हे डीएनए सांगत नाही. घरातल्या माणसाचा केस घरातल्या अंथरुणावर सापडणं याला काडीची किंमत नाही. परक्या माणसाचं रक्त बंद खोलीत सापडलं तर ती गोष्ट वेगळी. म्हणून कायदाही डीएनए अहवालाला तज्ज्ञाचं मत मानतो, त्याला बाकीच्या पुराव्याबरोबर तोलावं लागतं.

श्रोत्यांपैकी कुणावर, कुणाच्या लेकीबाळीवर अशी वेळ येऊ नये. पण आली तर चार गोष्टी लक्षात असू द्या. पहिलं मनात येतं ते अंघोळ घालावी, कपडे धुवावेत, कुणाला कळू देऊ नये. बाईमाणसाला तसं वाटणं अगदी साहजिक आहे. तरी शक्य असेल तर अंघोळीआधी रुग्णालयात या. कपडे धुऊ नका, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. अंघोळ झाली असली तरी या, दोन दिवस गेले असले तरी या. आरोग्य खात्याच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ९६ तासांपर्यंत अंगावरचे नमुने घेता येतात, आणि कपड्यांवर तर त्याच्या कितीतरी नंतरही मिळतं. आधी पोलिसांत जाऊन या, मग तपासू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. रुग्णालय सरकारी असो की खासगी, उपचार तातडीनं आणि मोफत करणं त्याला कायद्यानं बंधनकारक आहे. तपासणी त्या बाईच्या संमतीनंच होईल, आणि उपचार हवे पण पुरावा नको असं ती म्हणाली तर तेही मान्य करावं लागतं. आरोपीची गोष्ट वेगळी. पोलीस अधिकाऱ्याच्या विनंतीवरून डॉक्टर त्याची तपासणी करून नमुने घेऊ शकतात. ही तरतूद २००६ पासून आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

त्याच नव्या संहितेत आणखी एक गोष्ट आली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे, आणि ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. महाराष्ट्रात फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. चांगलं आहे. पण गाडीच्या रंगापेक्षा तिच्यात बसणारा प्रशिक्षित माणूस, तिचं डिझेल आणि रात्री अकरा वाजता उचलला जाणारा फोन याला महत्त्व जास्त.

आणि १५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या एका खटल्यात फाशीच्या कैद्याला सोडताना सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. नमुना घेतल्यावर त्याच्या पाकिटावर गुन्हा क्रमांक, तारीख, ठाणं, तपासी अंमलदाराचं नाव असलं पाहिजे. डॉक्टर, अंमलदार आणि पंच यांच्या सह्या हव्यात. नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, उशीर झाला तर कारण लिहून ठेवायचं. न्यायालयाच्या परवानगीवाचून पाकीट उघडायचं नाही. आणि कुणी, केव्हा, कुणाकडे दिलं याची एक स्वतंत्र नोंदवही निकाल लागेपर्यंत ठेवायची.

अठ्ठेचाळीस तास. म्हणजे शनिवारी संध्याकाळी केजजवळ घेतलेला नमुना सोमवारी संध्याकाळच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. मध्ये रविवार आहे. यासाठी अंबाजोगाई, केज, परळी, धारूर या ठाण्यांत शीतकपाट लागेल, ते चालू ठेवायला न जाणारी वीज लागेल, कागदी पाकिटं आणि ईडीटीएच्या नळ्या रुग्णालयात शिल्लक असाव्या लागतील, आणि दुसऱ्या कोणत्याही कामाला न जुंपलेला एक शिपाई लागेल. हा खर्च फार नाही. तालुक्याच्या शांतता समितीत, पंचायत समितीच्या बैठकीत किंवा ठाण्यात काही कामानिमित्त गेलात तर विचारा, की साहेब, तुमच्याकडे डीएनएच्या नमुन्यांची ती वेगळी नोंदवही सुरू झाली का? झाली असेल तर पहिलं पान बघायला मागू नका, ते गोपनीय असतं. पण वही आहे की नाही, एवढं विचारायचा हक्क तुम्हाला आहे.